गर्दी कुठे घटलीय?

थीम पार्कच्या ऑफिसात सकाळपासून नुसता काथ्याकूट चालला होता. हिशेबनीस सांगून थकले, की माणसंही घटलीत आणि कमाईही.

"काहीतरीच!" मॅनेजर असलेले जावईबापू सासऱ्यांकडे बघत फिस्कन हसले. "मामा, तुम्हीच खिडकीतून बघा की."

समोरचा आकाशपाळणा गच्च भरला होता. वरून लोक हात हलवत होते.

मालक असलेले सासरे भडकले. "गिऱ्हाईक एवढं, तरी गल्ला रिकामा? म्हणजे नोकरच फुकटचं खातायत. निम्मे आजच काढून टाका, जावईबापू!"

जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं.



दुसऱ्या दिवशी गणवेश उतरवून पाळण्यात बसायला नोकर कमी पडले, म्हणून जावईबापू स्वतःच टोपी डोळ्यांवर ओढून वरून सासऱ्यांच्या खिडकीकडे हात हलवत होते.