उजव्या खांद्यामागे

"ओगिनो-सान, तुमचा पुकारणारा कोण?" पंचांनी विचारलं.

"कोणी नाही."

"म्हणजे तुम्हीच उडवणार नि तुम्हीच पुकारणार?"

"तोंड आहे ना मला."

मंडपात कुणीतरी खुदकन हसलं. ओगिनोनं आपल्या छोट्या हेलिकॉप्टरचा रिमोट गळ्यात अडकवला आणि नदीकाठच्या त्या मैदानावर, आखलेल्या चौकोनाच्या बरोब्बर मधोमध जाऊन तो उभा राहिला. एरवी तो अर्धं पाऊल डावीकडे उभा राहायचा. उजव्या खांद्यामागची जागा त्याच्या पुकारणाऱ्याची, त्सुकादाची. उडवणाऱ्याची नजर यंत्रावरून हलली की संपलंच. म्हणून पुढची कसरत पुकारायची, मागच्या बांधावरच्या गवतात वारा दिसतोय का ते बघायचं, ही सगळी कामं त्सुकादाची. गेल्या शरदात हेलिकॉप्टर वर्तुळाबाहेर उतरलं, तेव्हा ओगिनो सगळ्यांदेखत ओरडला होता, "झोपला होतास काय रे?" त्या दिवसानंतर त्सुकादा त्याच्या मागे उभा राहिला नव्हता. आज तो मंडपात तरण्या स्पर्धकाच्या, हागाच्या शेजारी होता, हागाचा पुकारणारा म्हणून. सकाळपासून दोघांनी एकमेकांकडे बघितलं नव्हतं. म्हणजे बघितलं होतं, पण आळीपाळीनं.

"डोळ्यांच्या उंचीवर थांबणं. सुरू!" ओगिनोनं पुकारलं. स्वतःचाच आवाज त्याला भलताच एकटा वाटला.

हेलिकॉप्टर उठलं, वर आलं आणि थांबलं. गिरक्या, कोलांट्या काय, हागाही मारतो! पण एवढं थरथरतं यंत्र हवेत खिळा ठोकून टांगल्यासारखं ठेवायचं तर अंगठे केसाकेसानं हलत ठेवावे लागतात, सारखे. ओगिनोला तेच तर आवडायचं. सगळा जीव ओतायचा, आणि बघणाऱ्याला वाटावं की काही घडतच नाहीये. आज हे जमलं की राष्ट्रीय संघात नाव. त्याच्या वयाला पुन्हा कोण विचारणार?

मागच्या बांधावरचं गवत सळकन आडवं झालं. ओगिनोला ते दिसणं शक्यच नव्हतं.

"मागून!"

त्सुकादाचा आवाज. ओगिनोचा अंगठा आधी हलला, मग त्याला ऐकू आलं. झोत आला, त्याची टोपी उडवून घेऊन गेला. हेलिकॉप्टर बोटभरही ढळलं नाही.

शिट्टी वाजली.

"अहो त्सुकादा-सान," मंडपातून हागा ओरडला, "तुम्ही माझे ना? माझे पुकारणारे ना?"



"या कसरतीला शून्य, ओगिनो-सान," पंच म्हणाले. "बाहेरच्या माणसानं सांगितलेलं चालत नाही."

"बाहेरच्या?"

"तुम्हीच म्हणालात ना, पुकारणारा कोणी नाही म्हणून."

संघातली जागा गेली. ओगिनोला ते कळलं. समोर हेलिकॉप्टर मात्र अजून तसंच टांगलेलं होतं, जिथल्या तिथं.

"चला, पुढची कसरत पुकारा."

ओगिनोनं तोंड उघडलं नाही. यंत्रावरची नजर न काढता तो चौकोनात अर्धं पाऊल डावीकडे सरकला आणि थांबून राहिला. हेलिकॉप्टरही.