कागदोपत्री अज्ञान

राजानंद सदतीस वर्षांचा होता, दोन लेकरांचा बाप होता, पण सातबाऱ्यावर तो अजून अज्ञान होता.

जाफराबादच्या वकीलबाईंनी उताऱ्यावर बोट ठेवून वाचून दाखवलं, "राजानंद रामकिसन, अ.पा.क. चुलता कचरू. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान असला की त्याच्या नावापुढे सांभाळणाऱ्याचं नाव लागतं. तुम्ही अठराचे झालात तेव्हाच हे कमी करून घ्यायचं होतं. आता मृत्युपत्र करायला आलात, आणि कागद म्हणतोय तुम्ही अजून लेकरू आहात."

त्या हसल्या. राजानंदही हसला. संध्याला मात्र हसू आलं नाही. नवऱ्याच्या नावापुढचं ते नाव तिला आज नव्यानं कळलं नव्हतं. लग्न झाल्यापासून माहेरची माणसं तिला हेच ऐकवत आली होती, की चुलता नाव सोडत नाही म्हणजे त्याचा जमिनीवर डोळा आहे.

मृत्युपत्राचं खूळ तिचंच. दोघं नवरा-बायको जालन्याला बियाण्यांच्या एकाच कारखान्यात कामाला होते आणि एकाच मोटारसायकलवर जायचे-यायचे. गेल्या महिन्यात एमआयडीसीच्या वळणावर एक ट्रक त्यांना घासून गेला. खरचटण्यावर निभावलं. पण रस्त्याच्या कडेला पडल्या पडल्या तिच्या मनात एकच आलं होतं, की दोघंही गेलो असतो तर आकांक्षाला आज शाळेतून कोणी आणलं असतं, आणि धाकट्या प्रितमला कोणी जवळ घेतलं असतं? त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

"आधी ते नाव कमी करा," ती म्हणाली. "मंग बाकीचं."

वकीलबाईंनी अर्ज काढला, मजकूर भरला आणि राजानंदपुढे सरकवला. त्यानं पेन हातात घेतलं नाही.

"राहू द्या ते."

"कशापायी?" संध्याचा आवाज चढला. "इतके दिवस मी गप बसले. आता लेकरांच्या डोक्यावर बी तेच ठुवायचं का?"

"हळू बोल, बाहेर बसलेत काका." कचरूकाका साक्षीदार म्हणून गावाहून आले होते. राजानंद उताऱ्याकडेच बघत राहिला. "त्यांनी न्हाई धरून ठेवलं. नाव कमी करायला तलाठ्यानं दोनदा बोलावल्तं, मीच गेलो न्हाई. आईबाप गेले तवा मी चार वर्षांचा. त्यांचे चेहरे बी आठवत न्हाईत. शाळेचा दाखला बघ, आधार कार्ड बघ, आपली लग्नाची पत्रिका बघ, समदीकडं बापाचं नाव हाये. ज्यानं वाढवलं त्याचं नाव माझ्या नावासंगं ह्या एकाच कागदावर हाये."

लग्नानंतरच्या बारा वर्षांत हे त्यानं संध्याला कधी सांगितलं नव्हतं. तिनंही त्याला विचारलं नव्हतं, दुसऱ्यांकडून नुसतं ऐकून घेतलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

वकीलबाईंनी मृत्युपत्राचे कागद पुढे ओढले. मग विचारलं, "दोघांनाही काही झालं, तर मुलांचा पालक कोण? दोघांच्या मृत्युपत्रांत एकच नाव असलेलं बरं."

संध्या घरून मोनालीचं नाव ठरवून निघाली होती. मोनाली तिची पाठची बहीण, शिकलेली, जालन्यात स्वतःचं घर असलेली. परवा फोनवर विचारलं तेव्हा मोनाली थोडी थांबून म्हणाली होती, "ताई, ह्यांना विचारून सांगते." त्यात तिचंही काही चुकलं नव्हतं. पण नंतर फोन आला नव्हता.

संध्यानं दारातून बाहेर पाहिलं. ओट्यावर प्रितम काकांच्या मांडीवर झोपला होता, आणि काकांची आकांक्षाच्या सुटलेल्या वेणीशी खटपट चालली होती. तीन पेडांतला एक दर वेळी हातातून निसटायचा, की आकांक्षा त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवायची.

"काका," संध्या दारात जाऊन म्हणाली, "हे तुमच्याकडं आले तवा तुम्ही केवढे व्हते?"

"असंल ईस-एकवीस."

"मंग तुम्हाला कुणी इचारलं व्हतं का, सांभाळता का म्हणून?"

काका गोंधळले. दातांत धरलेली रिबीन काढून म्हणाले, "त्यात इचारायचं काय, पोरी? पोरगं दारात उभं व्हतं. उपाशी व्हतं."

आणि पुन्हा वेणीला लागले.

संध्या आत येऊन बसली. तिनं पदरानं डोळे टिपले.

"पालक म्हणून काकांचं नाव लिहा."

"पण ते तर साक्षीदार म्हणून आलेत," वकीलबाई म्हणाल्या. "पालक असेल त्याचीच साक्ष मी घेत नाही."

"साक्षीदार कुणी बी मिळंल, मॅडम."

वकीलबाईंनी नाव लिहून घेतलं. मग सहीवाचून पडलेला अर्ज उचलून त्यांनी संध्यालाच विचारलं, "आणि ह्याचं काय करायचं? यांच्या नावापुढचं काकांचं नाव कमी करायचं ना?"

संध्यानं नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "अजून अज्ञानच हायेत ते."