सरळ टीप

"अहो, मागून कोणी हॉर्न देत नाहीये," बायको म्हणाली. "खाली बघा."

नवऱ्याने ओशाळून मान खाली घातली. उभा जन्म बस चालवण्यात गेला. घडीघडीला उजवा आरसा, डावा आरसा. निवृत्त झाला तरी मानेची खोड काही गेली नव्हती. आता समोर बायकोचं शिलाई मशीन होतं आणि सुईखाली जुन्या चादरीचा तुकडा. त्यावरची टीप अशी वेडीवाकडी गेली होती, की बघणाऱ्याला वाटावं ड्रायव्हर ढोसून बसलाय.

अर्धांगाच्या झटक्यानंतर बायकोचा उजवा हात नुसता मांडीवर पडून असायचा. मशीन विकायचं तिनेच ठरवलं. घेणारा आता येईलच. मशीन गेलं की हीसुद्धा निम्मी जाणार, या धास्तीने नवरा सकाळपासून चिंध्यांशी झटापट करत होता.

"राहू द्या. डोळ्यांत तेल घालून करायचं काम आहे हे."

"तेलच घालतोय की. सुईवरून नजर हलू देत नाहीये."

"सुईवरून?" ती पुढे वाकली. "सुई काय पळून जातेय? कापडाचा काठ बघा. काठ सरळ सरकला की टीप सरळ."

नवऱ्याने पायडलवरचा पाय काढला. शिकाऊ ड्रायव्हरांना त्याने याच्यावरूनच झापलं होतं. बॉनेटकडे काय बघतोस लेका, रस्ता बघ.

"हे आधी नाही का सांगायचं?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं? इतकी वर्षं सांगायची वेळच आली नाही."

त्याने पायडलवर हलकेच पाय ठेवला. मशीन चालू लागलं. थोड्या वेळाने बायकोचा डावा हात पुढे आला आणि मागच्या बाजूने कापड हळूहळू ओढून घेऊ लागला. नवऱ्याला भरून आलं, पण त्याने काठ सोडला नाही.

तिने तुकडा उजेडात धरला. टीप शेवटी जरा लटपटली होती, एवढंच.

दार वाजलं. घेणारा आत येऊन मशीन न्याहाळू लागला.

"माफ करा हं भाऊ, मशीन कामात आहे," बायको म्हणाली. "आता नाही विकायचं."

तो तोंड वाकडं करून वळला, तशी तिची नजर त्याच्या खांद्यावर गेली. "तुमची बाही उसवलीय. शर्ट पाठवून द्या, हे शिवून देतील."

"अगं, बाहीला वळण असतं," नवरा घाबरून म्हणाला.

"मग वळणावर हळू घ्या," ती म्हणाली आणि तिने डाव्या हाताने आपलं स्टूल मशीनजवळ ओढलं.