निरोगी गटातली नळी

तिसऱ्यांदाही आकडे तेच आले. तिने एकवीस नंबरची नळी परत स्टँडमध्ये ठेवली आणि हातमोजे काढायचंही विसरून तशीच बसून राहिली.

शरीरातल्या संरक्षक पेशी प्रथिनांमार्फत एकमेकींना निरोप धाडतात. फुप्फुसाच्या कर्करोगात या निरोपांचा सुळसुळाट झाला की दुखणं पुढे जड जातं. ते रक्तातून आधीच ओळखता येईल का, हे ती आणि तिच्या मॅडम तपासत होत्या. तुलनेसाठी धडधाकट माणसांचं रक्त लागे, ते प्रयोगशाळेतल्या मंडळींच्या घरून येई. नळीवर नाव नाही, फक्त नंबर. रक्त घ्यायला येणाऱ्यालाही समोरचं माणूस कोण, हे सांगायचं नाही, असा कडक नियम. पण घरच्या नळीवर एकवीस नंबरची चिठ्ठी तिनेच चिकटवली होती. सासूबाईंसाठी. रक्त घेतलं तेव्हा ती कामावर होती; संध्याकाळी "दुखलं का हो?" असं विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "छे गं, मला तर कळलंसुद्धा नाही!"

"साध्या तापानेही एखादं प्रथिन वाढतं," मॅडम म्हणाल्या. "पण आपण मोजतो ती चारही एकदम? सासूबाईंच्या छातीचा स्कॅन करून घे बाई."

आई गेल्यापासून तिला हक्काने रागावणारं सासूबाई हे एकच माणूस उरलं होतं. लग्नानंतर पहिल्याच सकाळी सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "तुला स्वयंपाक येत नाही, मला कंटाळा येतो. आपलं छान जमणार." आणि जमलंही होतं.

घरी येताच ती सासूबाईंचे पाय चेपायला बसली.

"काय गं, गाडी ठोकलीस?"

"नाही हो आई."

"मग माझी फुलदाणी फोडली असणार. एवढं लोणी उगाच लावत नाही कोणी."

सोफ्यावर नवरा खो खो हसला आणि हसता हसता खोकत सुटला. "ऑफिसात रंगकाम काढलंय ना, त्याची धूळ," म्हणाला आणि सैल झालेली पँट वर ओढत पाणी प्यायला गेला.

"बारीक झालास हं," ती कौतुकाने म्हणाली. मग सासूबाईंकडे वळून तिने हळूच विषय काढला. "आई, तुमचा एक फोटो काढायचाय. छातीचा."

"आता? वीस वर्षांपूर्वी तरी सांगायचंस!" मग त्यांनी डोळे बारीक केले. "सुई नाही ना टोचणार?"

"नाही."

"मग चल."

स्कॅन झाला. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. "फुप्फुसं एकदम स्वच्छ. या वयात माझीही अशी राहोत."

बाहेर आल्यावर ती सासूबाईंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. काळजावरचा दगड उतरला होता. नळीचं काहीतरी चुकलं असेल, यंत्र बिघडलं असेल, काय वाटेल ते असो.

घरी नवऱ्याने बातमी ऐकली आणि आइस्क्रीम आणायला पळाला. सासूबाईंनी तिला जवळ बसवलं.

"आता खरं सांग. कसलं एवढं टेन्शन घेतलं होतंस?"

"काही नाही हो. तुमच्या रक्तात जरा जास्तच काहीतरी दिसलं होतं. पण आता कसली काळजी?"

"माझ्या रक्तात?" सासूबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. जिन्यातून खोकल्याचा आवाज वर येत होता. त्या तिच्या कानाशी वाकल्या. "तो यायच्या आत सांगून टाकते, रागावू नकोस. तुला सांगणार नाही असं वचन घेतलंय मी त्याच्याकडून. त्या दिवशी सुई बघितली आणि मी सरळ बाथरूमची कडी लावून बसले. तुझं काम अडायला नको म्हणून त्यानेच आपला हात पुढे केला."