सतरावं नाव

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चौथीच्या बावीस मुलांच्या प्रगतिपुस्तकात मी एकच नोंद टाकत होते. 'उपक्रमांत आनंदाने सहभाग घेतला' असं एकदा टाइप करायचं, कॉपी करायचं आणि प्रत्येक नावापुढे पेस्ट करायचं. दरवर्षी हेच करते. मंद्रूपच्या पुढच्या या शाळेतून कधी एकदा जुळे सोलापूरला घरी पोचते, असं झालेलं असतं.

सोळा नावं नीट झाली. सतरावं नाव रेश्माचं. तिच्यापुढे पेस्ट केलं तर उमटलं, 'बाई, मी बोलू?'

हे मी टाइपच केलं नव्हतं. पुसून पुन्हा पेस्ट केलं. तेच आलं.

शेजारच्या वर्गावरच्या हृषीकेश सरांना बोलावलं. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, माझी नोंद नव्याने कॉपी केली. अठराव्या नावापुढे ती बरोबर बसली. सतराव्यापुढे पुन्हा, 'बाई, मी बोलू?'

"राहू द्या मॅडम," सर म्हणाले. "हिच्याबद्दल हातानेच लिहा की दोन शब्द."

मी कीबोर्डवर बोटं ठेवली. रेश्माचा चेहराच आठवेना. वर्षभर हजेरी मीच घेत होते. सरांकडे न बघता मी उठले आणि वर्गात जाऊन फळ्याकडे पाठ करून उभी राहिले.

"रेश्मा कुठं बसते रे?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या बाकावरची श्रावणी हळूच म्हणाली, "बसत न्हाय, बाई. तुमच्या मागं उभी हाय की, हात वर करून. लई दिस झालं."