नव्या आवृत्तीतला फोटो

फायली एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलून देणारं माझं सॉफ्टवेअर जगभरचे लोक फुकट वापरतात. नवी मोठी आवृत्ती कधी येणार, म्हणून याच फुकट्यांनी वर्षभर माझं डोकं खाल्लं. आज दुपारी एकदाची ती बाहेर काढली.

"झालं का तुझं?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"झालंच," मी मागे न बघताच, नेहमीसारखं म्हणालो.

शेवटची खात्री करायला घेतलेली चाचणीची फाइल जुनीच होती. तिच्यात आम्हा तिघांचा सोफ्यावरचा फोटो होता. मधे मी, दोन्हीकडे बायको आणि लेक, कॅमेऱ्याकडे बघून हसणाऱ्या.

फाइल बदलून उघडली. समास, रंग, अक्षरं, सगळं जागच्या जागी होतं. फक्त त्या दोघी पाठमोऱ्या बसल्या होत्या. लेकीच्या वेणीला निळी रिबीन होती. ती मी आज पहिल्यांदाच पाहिली.

घाईघाईनं मूळ फाइल उघडली. तिच्यातही तेच.

"अगं, जरा इकडे ये!" मी ओरडलो. "हे बघ काय झालंय!"

"बघतेय की," मागून बायकोचा आवाज आला.

मी वळलो. दोघी दारात उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. निळी रिबीन तेवढी हलत होती.