हाडातला ठोका

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या रुग्णालयात डॉक्टर गुनवोर त्या सकाळी ताठ मानेनेच शिरली. टायटॅनियमवर चढवायचा एक लेप तिने बारा वर्षं खपून तयार केला होता. त्यातून औषध हळूहळू पाझरतं आणि हाड धातूला घट्ट धरतं. तशी पहिली सळई म्हाताऱ्या यालमारच्या मांडीतून तुटलेल्या पायाच्या हाडात बसवली होती.

"ठोक बिनधास्त!" यालमार म्हणाला. "गोदीत जन्मभर जहाजं ठोकली मी. आता माझी पाळी."

कृत्रिम पाय जोडायला कातडीबाहेर ठेवलेल्या सळईच्या टोकावर तिने छोट्या हातोडीने टकटक केलं. हाडाने धरलं नसेल तर आवाज बद्द येतो. हा खणखणीत आला.

"धरलंय, यालमार! कसं धरलंय बघ!" तिचा ऊर भरून आला.

हौसेने तिने आणखी तीनदा ठोकलं आणि हातोडी खाली ठेवली.

आतून तीन ठोके परत आले. तितकेच खणखणीत.

यालमार हसला. "रोज सकाळी वाजतं ते. मला वाटलं, तुझ्या औषधाचाच गुण."

गुनवोरने नुसता तळहात त्या गार टोकावर ठेवला आणि श्वास रोखला.

आतून ठोका पडला. या वेळी सुरुवात तिने केली नव्हती.